सुगी, मोठा आकार

मानेचं दुखणं बरेच दिवस अंगावर काढल्यावर शेवटी तो हाडांच्या डॉक्टरकडे आला, तर तिथल्या भिंतीवर त्यानेच रंगवलेलं चित्र. त्याला त्याचं काही अप्रूप वाटलं नाही. शहरात जिथे म्हणून माणसांना ताटकळत बसवतात तिथे हे चित्र हमखास असतं. बँकेत असतं, वकिलाच्या माडीवर असतं, दात काढून घ्यायला गेलं तर तिथेही असतं. पिकलेला गहू, कापणी करणारी माणसं, संध्याकाळचं पिवळंधमक ऊन. तो जिथे ही चित्रं रंगवायचा त्या कारखान्याच्या भाषेत ‘सुगी, मोठा आकार’. हाडांच्या डॉक्टरने नेमकं वाकलेल्या पाठींचं चित्र लावावं याचं त्याला मनातल्या मनात हसू आलं, पण मान अशी काही धरली होती की ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. शेजारी एक आजोबा गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते, काउंटरवरची मुलगी कुणाला तरी फोनवर उद्याची वेळ देत होती, आणि समोर बघण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून तो समोर बघत राहिला. माणसं ओळीने कापत होती. सगळ्यात पुढे विळेवाला, त्याच्यामागे त्याचा भाऊ शोभेल असा दुसरा, मग टोपीवाला म्हातारा, मग डोक्याला लाल फडकं बांधलेली तरुण बाई. त्यांच्यामागे पेंढ्यांची रास. राशीच्या मागे कापून झालेलं रान, नुसते खुंट, आणि मग चौकट. त्याची नजर चौकटीपर्यंत जाऊन थांबली, आणि जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं त्याला झालं. त्या कापलेल्या रानात एक बाई असायची. सगळ्यांच्या मागून येणारी, एकटी, गळून पडलेली कणसं वेचणारी, अगदी चौकटीला खेटून. ती नव्हती.

तो उठून चित्राजवळ गेला. कुणी खरवडल्याची खूण नव्हती, कापड कापलेलं नव्हतं, वरून रंग फासलेला नव्हता. तिच्या जागी एक मातकट ठिपका होता, कुंचला पुसून टाकताना उठावा तसा, आणि तो त्याच्याच हातचा होता, स्वतःच्या हातचं त्याला कळत होतं. त्याने काउंटरवरच्या मुलीला विचारलं की या चित्रात इथे कोपऱ्यात एक बाई होती का. कुठली बाई, ती म्हणाली. वेचणारी, तो म्हणाला. मुलीने ज्या चित्राखाली ती रोज बसत होती त्याच्याकडे बहुधा पहिल्यांदाच वळून पाहिलं, आणि लाल फडक्यावर बोट ठेवून, ही काय आहे की, असं म्हणून ती पुन्हा फोनकडे वळली. पट्टावाले आजोबाही मान उंचावून बघू लागले. चित्र झकास आहे, डोळ्यांना गारवा वाटतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. अजून एखादी बाई असती तर उगाच गर्दी झाली असती. तेवढ्यात त्याचा नंबर आला. डॉक्टरने मान इकडे वळवून, तिकडे वळवून पाहिली आणि काम काय करता असं विचारलं. रंगकाम, तो म्हणाला. भिंतींचं का? तो हो म्हणाला, कारण नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगत बसावं लागलं असतं, आणि आज त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. खाली वाकून बघणं कमी करा, डॉक्टर म्हणाला.

रस्त्यावर ऊन तापलं होतं. दुकानांच्या पत्र्यांच्या सावलीतून तो चालत होता आणि न जुळणाऱ्या हिशेबासारखं ते मनाशीच घोळवत होता. एखाद्या चित्रात राहून गेली असेल. घाई असते, मोठ्या मागणीच्या वेळी हात पळत असतात. पण हात पळत असले तरी ते ओळीनेच पळतात. आकाश रंगवणारा आकाश रंगवून कापड पुढे ढकलतो, रान रंगवणारा रान रंगवतो, आणि मग ते त्याच्याकडे येतं. तो माणसं रंगवायचा. कारखान्यात त्याला ‘पाठवाला’ म्हणत, कारण त्या चित्रात चेहरे नव्हतेच, पाठी होत्या. आकाशवाल्याला ‘ढगोबा’ म्हणत. चेष्टेत पडलेली ही नावं आता इतकी अंगवळणी पडली होती की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर दोघंही दचकले असते. हे चित्र मुळात त्यानेच केलं होतं, तो नवा नवा कामाला लागला तेव्हा. मालक म्हणाला होता, तू खेड्यातला ना, मग खेड्याचं काहीतरी काढ, लोकांना आवडतं. त्याने एका दमात काढलं होतं. सुचवावं लागलं नाही, आठवावं लागलं नाही. पहिली काढली ती कोपऱ्यातली बाई, आणि बाकीची माणसं मग ती एकटी दिसू नये म्हणून आली. ती अक्का होती. त्याची थोरली बहीण. हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, मालकाला नाही, ढगोबाला नाही. बायकोला बहुतेक एकदा सांगितलं असावं, लग्न झालं त्या सुमाराला, जेव्हा माणूस सगळंच सांगत असतो.

आणि अक्काचा परवा फोन आला होता. अक्का फोन करते तो बातमी द्यायला, बोलायला नाही. तिच्या लेखी फोन ही ओरडून निरोप पोचवण्याची वस्तू आहे. ज्याच्या शेतावर ती सगळा जन्म राबली त्या जमीनवाल्याने कापणीचं यंत्र घेतलं होतं. यंत्र पावसात भिजून चालत नाही, त्याला छप्पर हवं, आणि शेताच्या कडेला छप्पर होतं ते अक्काच्या खोलीचंच. खोली पाडून तिथे मोठा पत्रा घालायचा होता. जमीनवाला काही वाईट माणूस नाही, असं अक्काने दोनदा सांगितलं. त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यावर राखणीला माणूस हवं आहे, तिकडे लांब, डोंगराच्या पलीकडे. राहायला गोठ्यातच एक माळा आहे. शिडीने चढायचं. गुडघे आता चढू देत नाहीत, पण बघू. एवढं सगळं एका श्वासात ओरडून सांगितल्यावर ती जरा थांबली, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “नाहीतर तुझ्याकडे येऊ का?” हे तिने असं विचारलं की जणू दिवाबत्तीची वेळ झाली का असं विचारावं. तो म्हणाला, बघतो, सांगतो. जमीनवाला उद्या गाडी घेऊन त्या बाजूला निघणार होता, त्याच्याबरोबर जायचं तर त्याआधी सांगायला हवं होतं. म्हणजे आज. आज संध्याकाळपर्यंत त्याने काही कळवलं नाही तर अक्का उद्या त्या गाडीत बसणार, आणि त्या वयाला, त्या गुडघ्यांनी, गुरांच्या वर शिडी चढून झोपणार.

कारखान्यात टर्पेंटाइनच्या वासाने जीव जरा ताळ्यावर आला. वाळत घातलेली कापडं दोरीवर ओळीने टांगली होती, सगळी ‘सुगी’, कुठल्याशा नव्या हॉटेलची मागणी, प्रत्येक खोलीत एक. तो एकेका कापडापुढे उभा राहत गेला. विळेवाला, दुसरा, म्हातारा, लाल फडकं, रास, रान. एकातही ती नव्हती. काहींत ठिपका होता, काहींत ठिपकाही नव्हता. मागच्या भिंतीवर मालकाने मूळ नमुना खिळ्याने ठोकून ठेवला होता, धुळीने काळवंडलेला, ज्याच्याकडे आता कुणाला बघावं लागत नसे. त्याने बाहीने तो पुसला. ती होती. लहानशी, पण होती. कमरेला खोचलेलं फडकं, खांद्यावरून सुटलेली झोळी, एक हात जमिनीकडे. मग कधी गेली? आठवायला लागला तसं त्याला हळूहळू दिसत गेलं. आधी तिची बोटं गेली असावीत, कारण बोटांना बारीक कुंचला लागतो आणि तो बदलायला वेळ जातो. मग झोळी. मग फडक्याचा रंग आणि अंगावरच्या कपड्याचा रंग एकच झाला, एका फटकाऱ्यात दोन्ही उरकायला लागली. मग तो फटकारा आखडला. आणि मग कुठल्या तरी दिवशी, जो दिवस इतर दिवसांसारखाच असणार, कुणीतरी चहाला हाक मारली असेल किंवा मान दुखली असेल, आणि त्याने कापड तसंच पुढे ढकललं असेल. कुणाच्या लक्षात आलं नाही. घेणाऱ्याच्या नाही, लावणाऱ्याच्या नाही, बघणाऱ्याच्या नाही. त्याच्याही नाही, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

ढगोबा स्टुलावर बसून भाताच्या पातेल्यातून वाफ निघावी तसे ढग भराभर उठवत होता. त्याने ढगोबाला विचारलं. ढगोबा म्हणाला, “बाई होती? मला वाटायचं तो कुत्रा आहे.” मग त्याचा चेहरा बघून ढगोबा जरा वरमला आणि म्हणाला की त्याच्या ढगांमध्ये सुद्धा पूर्वी पक्षी असायचे, ते गेले, आता कोण पक्षी बघतंय; आपण म्हातारे होत चाललो की चित्रही सुटसुटीत होत जातं. हे तो समजूत घालायला बोलला होता. मालक मधल्या वेळात येऊन दोरीवरची कापडं बोटाने चाचपून गेला आणि रात्रीच्या आत सगळी गुंडाळायची आहेत म्हणाला. बाईचं सांगितल्यावर मालकाने नमुन्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. घालायची तर घाल, नाहीतर राहू दे, चौकटीत ती तशीही अर्धी दबायची. मालकाचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता आणि तेच पंचाईतीचं होतं. कुणी दुष्टपणा केला असता तर निदान भांडता आलं असतं.

त्याने ओलं असलेलं एक कापड लाकडी घोडीवर लावलं आणि बारीक कुंचला घेतला. नमुना बघून काढता आली असती, पण नमुन्यातली ती इतकी लहान होती की ती कशी उभी आहे हेच नीट कळत नव्हतं. तेव्हा कळायची गरज पडली नव्हती, हात जाणत होता. आता हात थांबला. त्याने डोळे मिटले. बांध दिसला. बांधावरचं झाड, त्याखालची सावली, आणि त्या सावलीत बसलेला तो. हे पक्कं आठवत होतं, कारण तो कायम तिथेच असायचा. आई गेल्यावर अक्काच घरचं बघायची आणि शेतावरही जायची, आणि पहिल्या दिवशी तो विळा घेऊन मागे निघाला तेव्हा तिने विळा काढून घेतला आणि म्हणाली, तू सावलीत बस. मुकादम ओरडला की दोन तोंडं आणि दोनच हात कसे चालतील, तेव्हा ती म्हणाली, त्याचं पण मी करते. आणि केलं. दिवसभर ओळीत कापायची आणि ओळ सुटल्यावर बाकीचे पाठ टेकायचे तेव्हा ही परत मागे जाऊन सरवा वेचायची, खुंटांतली राहिलेली कणसं, जी वेचेल त्याची होतात. ती कणसं त्याच्यासाठी असायची. तो कोळशाने दगडांवर तिला काढत बसायचा. लांबून दिसते तेवढीच, बोटाएवढी. ती परत आली की दगड बघायची, म्हणायची, हा कोण मुंगळा काढलास? आणि दोघं हसायची. हे सगळं आठवत होतं. झोळीचा वास आठवत होता, खुंटांनी खरचटलेल्या तिच्या पोटऱ्या आठवत होत्या. पण ती वाकायची कशी हे आठवेना. गुडघ्यातून वाकायची की कमरेतून? एक पाय पुढे असायचा का? त्याने एक रेघ ओढली, ती भलत्याच बाईची झाली. पुसली. दुसरी ओढली, ती लाल फडक्याच्या बाईची पाठ झाली, जी त्याला झोपेतसुद्धा काढता येत होती आणि जी कुणीही नव्हती.

खरं सांगायचं तर अक्का घरी येऊ नये असं त्याला वाटत होतं. हे त्याने परवापासून स्वतःपुढे स्पष्ट येऊ दिलं नव्हतं. जागा नाही, असं तो मनात म्हणत होता. दोन खोल्या, आतल्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन आणि कापडांची गाठोडी, बाहेरच्या खोलीत ती दोघं. बायको तयार होणार नाही, असंही म्हणत होता. बायकोपाशी त्याने विषय काढला होता तो असा, की अक्का इकडे यायचं म्हणतेय, आणि ‘म्हणतेय’ या शब्दावर उसासा टाकून तो चपला घालून बाहेर पडला होता. परत आल्यावर बायको काही बोलली नाही आणि त्याने ते नाही असं धरून टाकलं. पण गोष्ट वेगळीच होती. त्याला अक्काचा कंटाळा नव्हता. अक्कासमोर तो जो होऊन बसायचा त्याचा कंटाळा होता. त्याच्या मुलीच्या लग्नाला ती आली होती तेव्हा ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भांडी घासायची, आणि तो उठून मदतीला गेला की म्हणायची, तू बस. पन्नाशी उलटलेल्या माणसाला. आणि तो खरंच बसायचा. तिने त्याच्यासाठी केलं ते तिने एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. एकदा जरी बोलली असती तर त्याला ते मनातल्या मनात थोडं फेडल्यासारखं वाटलं असतं. त्याने तिला त्या वेळी कारखान्यातून आणलेली लहान आकाराची ‘सुगी’ दाखवली होती. त्यात तेव्हा ती असणार, असेल, त्याने नीट बघितलं नव्हतं. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “छान आहे रे. यात ऊन लागत नाही.” त्याला वाटलं होतं ती आणखी काही विचारेल. तिने चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात धुवायला गेली.

दुपार कलली. ढगोबा हात पुसून चहाला गेला. त्याने फोन काढला आणि अक्काचा नंबर लावला, आणि लावताना त्याच्या डोक्यात काय होतं हे त्याला नंतर कधी नक्की सांगता आलं नाही. ये म्हणायचं होतं, असं त्याला वाटतं. घोडीवरच्या कापडात तिच्या जागी नुसता पुसलेला डाग होता आणि त्याचे डोळे त्या डागावर होते. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला आणि नेहमीसारखी ओरडून बोलली, मागे काहीतरी ठोकल्याचे आवाज येत होते. ती म्हणाली, बोल. आणि तो म्हणाला,

“अक्का, सरवा वेचताना तू गुडघ्यातून वाकायचीस की कमरेतून?”

ती हसली. “मला काय माहीत? मी कुठे मला बघितलंय वाकताना? मागे तूच बसलेला असायचास ना.”

तो हो म्हणाला. मग ती म्हणाली की असं एकदम विचारलं तर सांगता येत नाही, आता वाकून बघितलं असतं पण वाकता येत नाही. आणि हे कशाला हवंय, असं विचारलं. चित्रासाठी, तो म्हणाला. बरं, ती म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही. ती वाट बघत होती. त्याला ते समजत होतं, फोन कानाला लागला होता त्या जागी ते समजत होतं, आणि एकच शब्द म्हणायचा होता, दोन अक्षरांचासुद्धा नाही. ती आता विचारेल, म्हणजे मग आपण म्हणू, असं त्याला वाटलं. पण विचारणं तिचं परवा करून झालं होतं आणि एकच गोष्ट दोनदा मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. “एवढंच विचारायला फोन केलास?” ती म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, सावलीत बसायला सांगताना असायचा तोच सूर होता. तो म्हणाला, तसं नाही, म्हणजे, घरी जरा अजून, आणि त्याचं वाक्य तिथेच लटकलं.

“कळलं रे,” अक्का म्हणाली. “तू नको जीवाला लावून घेऊस. मी त्याला सांगते उद्या येते म्हणून. गोठा चांगला आहे म्हणतात, थंडीत ऊब असते गुरांची.” मग खोलीतलं सामान काढायला माणसं आली आहेत, ती काहीतरी फोडून ठेवतील, असं सांगून तिने फोन ठेवला.

आणि त्याला हायसं वाटलं. आधी छातीत मोकळं झालं, मग खांदे खाली आले, मानेची कळसुद्धा घटकाभर कमी झाल्यासारखी वाटली. त्याला स्वतःची किळस यायला हवी होती आणि ती आली, पण मागाहून आली, पाहुण्यासारखी, आणि फार वेळ थांबली नाही. दमलेल्या माणसाला किळससुद्धा धड पेलत नाही. ढगोबा चहा घेऊन आला, त्याच्यासाठीही आणला होता. मालकाने आतून हाक मारली की घोडीवरचं ते कापड झालं का. त्याने डागावरून मातकट रंगाचा सपाट हात फिरवला, खुंट ओढले, आणि कापड दोरीला लावलं. मग संध्याकाळपर्यंत तो मान खाली घालून काम करत राहिला. विळेवाला, दुसरा, म्हातारा, लाल फडकं. हात चांगला चालत होता. बऱ्याच दिवसांनी इतका चांगला चालत होता.

घरी जाताना तो काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. अक्काचंच मन नाही म्हणून सांगावं. तिला तिकडे चांगलं काम मिळालंय, गुरं तिला आवडतात. हे खोटं नव्हतं, अक्काला गुरं आवडायचीच. बायकोच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि आज जेवताना घरात बरं वाटेल, असं त्याला वाटलं, आणि जिना चढता चढता त्याला भूकही लागली. वरच्या मजल्यावर पोचला तर बोळात शिवणाचं मशीन. लोखंडी पायांसकट, चादरीने झाकलेलं, भिंतीला लावून ठेवलेलं, की येणाऱ्याजाणाऱ्याला अंग चोरून जावं लागेल. त्याच्यापलीकडे गाठोडी एकावर एक रचलेली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत फरशी धुतलेली होती आणि खिडकीखाली मुलीची जुनी खाट लावून तिच्यावर धुवट चादर घातली होती. बायको खाटेच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत होती.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “खाट जरा उंच होतेय, त्यांच्या गुडघ्यांना जड जाईल. पाय खालून थोडे कापून घेता येतील का बघा. मशीन बोळात राहील, मी शेजाऱ्यांना विचारून ठेवलंय, त्यांची काही हरकत नाही. शेजारीणच आली हात लावायला. परवापासून म्हणत होते तुम्हाला विचारावं, पण तुम्ही तोंड मिटूनच बसला होतात. म्हटलं आधी जागा करू, मग बोलू. कधी येतायत?”

तो दारात उभा होता. हातातली पिशवी कुठे ठेवावी हे त्याला सुचेना, कारण जिथे ती रोज ठेवायचा ती खुंटीही तिने मोकळी केली होती. आत्ता फोन लावता येईल, असा विचार त्याच्या मनात आला. उद्या सकाळपर्यंत गाडी निघत नाही. फोन खिशात होता. हा विचार त्याने नीट, शेवटपर्यंत केला. अक्का हसेल, म्हणेल बरं, सामान बांधायला घेईल, आणि उद्या रात्री या खाटेवर बसून त्याला म्हणेल, तू बस.

“ती नाही म्हणाली,” तो म्हणाला. “तिला तिकडेच बरं वाटतंय. मी खूप सांगून पाहिलं.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने पुठ्ठ्याची घडी काढून घेतली, ती उलगडून सरळ केली आणि म्हणाली, असं का बरं. जेवण व्हायच्या आधीच आवरून घेऊ, बोळात कुणीतरी अडखळून पडेल, असं ती म्हणाली. चादर तिने घडी करून कपाटात ठेवली, खाट दोघांनी मिळून भिंतीला उभी केली. गाठोडी तिने एकेक करून आत आणली. मशीन जड होतं. ती एका बाजूने धरायला वाकली, तेव्हा तो म्हणाला की तू सोड, मी आणतो. आणि मान दुखत असूनही त्याने ते एकट्याने उचललं, दारातून वळवलं, आणि पहिल्या जागी नेऊन ठेवलं.